ऊर्जेची तलवार : कल्पना आणि वास्तव

शस्त्रांचे आकर्षण मानवी मनाला फार पूर्वीपासून आहे. पुराणांतल्या दिव्यास्त्रांच्या कथा ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. भवानी तलवारीचे नुसते नाव निघाले, तरी आजही आपली छाती अभिमानाने फुलते. विसाव्या शतकाने या मालिकेत आणखी एका तलवारीची भर घातली. १९७७ साली जॉर्ज लुकास या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'स्टार वॉर्स' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील योद्ध्यांच्या हाती पोलादी पाते नसते, नुसती मूठ असते. कळ दाबली की मुठीतून सुमारे मीटरभर लांबीचे झळझळीत पाते बाहेर येते. ते लोखंड लोण्यासारखे कापते, दुसऱ्या पात्यावर आपटले की अडते आणि कळ सोडताच नाहीसे होते. या शस्त्राचे नाव 'लाइटसेबर'.

असे शस्त्र खरोखर बनवता येईल काय? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु कल्पित गोष्टीला शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहण्याची आवड मराठी वाचकाला नवी नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप, आणि हे नाव घेऊन लिहिणारे होते प्रत्यक्ष डॉ. जयंत नारळीकर! एवढा मोठा शास्त्रज्ञ कथा लिहितो, तर कला शाखेच्या विद्यार्थ्याने थोडे विज्ञान लिहिण्यास हरकत नसावी.

प्रकाशाचे पाते

पहिला विचार मनात येतो तो लेसरचा. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत पहिला लेसर चालवून दाखवला. आज कारखान्यांतून लेसरने पोलादी पत्रे कापले जातात. मग मुठीत लेसर बसवला की झाले!

परंतु येथे तीन अडचणी येतात. पहिली अशी की, प्रकाश मीटरभर जाऊन थांबत नाही. वाटेत काही आडवे येईपर्यंत तो जातच राहतो. म्हणजे शत्रूबरोबर त्याच्या मागची भिंतही जळणार. दुसरी, प्रकाशाला प्रकाश अडवीत नाही. दोन बॅटऱ्यांचे झोत एकमेकांवर टाकून पाहा. दोन्ही आरपार निघून जातात. तेव्हा या तलवारीने वार करता येईल, पण दुसऱ्याचा वार झेलता येणार नाही. तिसरी, स्वच्छ हवेत लेसरचा किरण बाजूने दिसतच नाही. धूळ किंवा धूर असेल तरच त्याची रेघ उमटते.

शस्त्र म्हणून लेसर आला आहे, पण निराळ्या रूपात. १३ एप्रिल २०२५ रोजी आपल्या डी.आर.डी.ओ. या संस्थेने आंध्र प्रदेशातील कर्नूल येथे ३० किलोवॅटच्या लेसर शस्त्राची चाचणी घेऊन ड्रोन पाडून दाखवले. हे शस्त्र हैदराबादच्या प्रयोगशाळेत तयार झाले. नागपूरहून येऊन आपल्या पांढरकवड्यावरून पुढे जाणारा महामार्ग क्रमांक ४४ हैदराबाद आणि कर्नूल या दोन्ही गावांना जातो! मात्र हे शस्त्र कमरेला लटकवता येत नाही. ते वाहनावर बसवावे लागते. त्याचे कारण पुढे येईल.

प्लाझ्माचे पाते

दुसरा विचार प्लाझ्माचा. वायू अतिशय तापला की त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तो विद्युतभारित होतो. यालाच प्लाझ्मा म्हणतात. मृगाच्या पावसात शेतावर कोसळणारी वीज म्हणजे प्लाझ्माच होय. तिच्या मार्गातील हवा सुमारे ३० हजार अंश सेल्सियसपर्यंत तापते.

प्लाझ्मावर चुंबकाचा परिणाम होतो, म्हणून चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने त्याला आकार देता येतो. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली सुरू झालेले 'आदित्य' हे यंत्र याच तत्त्वावर आधारलेले आहे. पण त्याचा आकार मेदूवड्यासारखा गोल, मध्ये भोक असलेला आहे. हे मुद्दाम केले आहे. सरळ नळीच्या आकारात प्लाझ्मा कोंडला तर तो दोन्ही टोकांनी निसटतो. नळी वाकवून टोकाला टोक जोडले की टोकच उरत नाही. तलवारीला मात्र टोक असलेच पाहिजे! शिवाय असा प्लाझ्मा हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ असतो आणि तो निर्वात पात्रात ठेवावा लागतो. उघड्या हवेत, नुसत्या मुठीतल्या चुंबकाने मीटरभर लांबीचे पाते धरून ठेवणे आजच्या ज्ञानाच्या आवाक्यात नाही.

थोडा हिशेब

क्षणभर धरून चालू की पाते तयार झाले. आता त्याला ऊर्जा किती लागेल? घराच्या स्लॅबमध्ये घालतो ती १२ मिलिमीटर जाडीची सळई घेऊ. तिच्यात ३ मिलिमीटर रुंदीचा छेद पाडायचा, तर सुमारे पावणेतीन ग्रॅम लोखंड वितळवावे लागेल. लोखंड १५३८ अंशांना वितळते. एक ग्रॅम लोखंड तिथवर तापवून वितळवण्यास सुमारे १३०० जूल ऊर्जा लागते. म्हणजे सळईला एकूण साडेतीन हजार जूल झाले.

ही ऊर्जा काही फार नव्हे. शेतातल्या विहिरीवरचा ५ अश्वशक्तीचा पंप एका सेकंदात एवढी वीज सहज खातो. आपल्या खिशातल्या मोबाईलच्या बॅटरीत अशा वीसेक सळया कापण्याइतकी ऊर्जा साठलेली असते. मग अडते कुठे? अडते ते वेगापाशी. तलवारीचा वार सेकंदाच्या दहाव्या भागात सळईतून पार जायला हवा. तेवढ्या वेळात तीच ऊर्जा द्यायची, तर ३५ किलोवॅट शक्ती पाहिजे. म्हणजे दहा पंप एकदम चालले पाहिजेत, किंवा एका मोठ्या ट्रॅक्टरचे सगळे इंजिन मुठीत मावले पाहिजे. मोबाईलची बॅटरी इतक्या वेगाने रिकामी करू गेलो तर ती हातातच पेट घेईल. कर्नूलच्या शस्त्राला वाहन का लागते, याचे उत्तर या आकड्यात आहे. ऊर्जा असणे वेगळे आणि ती हव्या त्या क्षणी, हव्या त्या जागी एकवटणे वेगळे.

रस्त्याकाठची तलवार

आता गंमत पाहा. ही अडचण माणसाने एका युक्तीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच सोडवली आहे, आणि ती युक्ती आपल्या महामार्गालगतच्या वर्कशॉपात कोणालाही पाहायला मिळते. ती म्हणजे गॅस कटर.

पुष्कळांची समजूत असते की गॅस कटर लोखंड वितळवून कापतो. तसे नाही. अ‍ॅसिटिलीन आणि ऑक्सिजन यांच्या ज्योतीने आधी लोखंड लालभडक, सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवतात. मग कारागीर दांडी दाबतो आणि शुद्ध ऑक्सिजनचा जोरदार झोत सुटतो. त्या झोतात लोखंड स्वतःच पेटते! जळून तयार झालेले ऑक्साइड लोखंडापेक्षा कमी तापमानाला वितळते, म्हणून झोताबरोबर ते उडून जाते. कापण्यासाठी लागणारी बरीचशी ऊर्जा अशा रीतीने कापल्या जाणाऱ्या लोखंडातूनच मिळते. म्हणूनच हे हत्यार एका माणसाला हाती धरता येते. अ‍ॅल्युमिनियमवर मात्र त्याची मात्रा चालत नाही. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याचे ऑक्साइड २ हजार अंशांवरही घट्ट राहते आणि धातूवर कवच धरते.

माझ्याबरोबर दहावीपर्यंत शिकलेला एक मित्र आज अशाच कामावर आहे. जहाजासारखे अवजड ट्रक तो रोज कापतो आणि जोडतो. मी त्याला ऑक्साइडची गोष्ट सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "अ‍ॅल्युमिनियम कटत नाही हे मले हातानं माहीत होतं, कारण आज समजलं." आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्या दिवशी मला वाटले की कॉलेजातले ज्ञान आणि वर्कशॉपातले ज्ञान यांची गाठ क्वचितच पडते, आणि त्यात दोघांचेही नुकसान आहे.

म्यानाचा विचार

हे नुकसान केवळ शब्दांचे नाही. वेल्डिंगच्या ठिणगीतून जंबुपार किरण बाहेर पडतात. उघड्या डोळ्यांनी ती पाहिली तर त्या वेळी काहीच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू घातल्यासारखी आग होते. दुखणे उशिरा येते, म्हणून नवशिक्या मुलाला त्याचे कारण लवकर उमगत नाही. बाजारातला साधा काळा चष्मा येथे उपयोगाचा नाही. विजेच्या वेल्डिंगसाठी साधारणपणे १० ते १३ क्रमांकाची खास काच लावलेला मुखवटाच हवा. गॅस कटिंगची काच याहून फिकी चालते, पण ती हवीच.

चित्रपटातील योद्धा उघड्या डोळ्यांनी आणि उघड्या हातांनी ती धगधगती तलवार फिरवतो. विज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत अशक्य गोष्ट कोणती, असे मला कोणी विचारले तर मी हीच सांगेन. लोखंड वितळवणारे पाते हातभर अंतरावर असताना धरणारा सुखरूप राहतो, ही ती गोष्ट. किरण थांबवणे, प्लाझ्मा कोंडणे, शक्ती मुठीत मावणे, डोळे वाचवणे, या साऱ्या अडचणी शेवटी एकाच जातीच्या आहेत. पाते निर्माण करणे माणसाला साधले आहे. त्याला म्यान घालणे अवघड आहे.

मित्रहो, सुट्टीत गावी गेल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाला एखादा वेल्डिंग करणारा मित्र किंवा भाऊ भेटेलच. त्याला लाइटसेबरची गोष्ट जरूर सांगा. आणि ती सांगून झाल्यावर त्याच्या मुखवट्याची काच कितव्या क्रमांकाची आहे, तेवढे विचारून घ्या.