दिल्लीतल्या मुलांना मराठे शिकवताना

दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांचा रविवारचा वर्ग मी बरीच वर्षे घेते. भाषा घरात टिकते किंवा टिकत नाही, पण इतिहासाची गोडी कुणीतरी लावावीच लागते. त्यातून जे हाती आले, ते इथे मांडते.

1. नावापासून सुरुवात करावी. हिंदूराव म्हटले की दिल्लीकराला महापालिकेचे रुग्णालय आठवते. आमच्या वर्गातली दोन मुले तिथेच जन्मली, पण हा हिंदूराव कोण, हे त्यांच्या आईबापांनाही ठाऊक नव्हते. तो कागलचा घाटगे. नाव जयसिंगराव, किताब हिंदूराव. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा हा सख्खा भाऊ, म्हणजे दौलतरावांचा मेहुणा. 1833 मध्ये बायजाबाईंची सत्ता गेली आणि हे साहेब दिल्लीला येऊन राहिले. इंग्रज कमिशनर विल्यम फ्रेझर याचा 1835 मध्ये खून झाला, त्याची रिजवरची, म्हणजे इथल्या टेकडीवरची, कोठी हिंदूरावांनी घेतली. पुढे 1857 मध्ये त्याच कोठीत इंग्रजांचा मोर्चा होता आणि गोरख्यांची सिरमूर पलटण ती लढवत होती. हिंदूराव त्याआधीच वारले होते. कागलच्या ह्याच घाटगे घराण्यातून पुढे राजर्षी शाहू कोल्हापूरला दत्तक गेले, हे सांगितले की कोल्हापूरकडच्या मुलांची मान ताठ होते. शिवाजी महाराजांपासून सुरुवात केली तर मुले आदराने ऐकतात. हिंदूरावांपासून केली तर प्रश्न विचारतात. मला दुसरे हवे असते.

2. पानिपत शेवटी घ्यावे. मुलांनी सिनेमा पाहिलेला असतो, त्यामुळे ती थेट लढाईवर उडी मारतात. मी आधी वाट दाखवते. सदाशिवरावभाऊ मार्च 1760 मध्ये पटदूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून निघाले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्लीत पोचले. हजार-बाराशे किलोमीटर, वाटेत नर्मदा आणि चंबळ. नकाशावर दोरा लावून मुले मोजतात आणि म्हणतात, ‘काकू, इतके स्लो?’ मग सोबत कोण होते ते सांगायचे: तोफा, बैल, बायका, यात्रेकरू, दुकानदार, सगळे बाजारबुणगे. मग मुले विचारतात, एवढ्यांची शौचाची सोय काय होती? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. छावणी एका जागी फार दिवस राहिली की काय होते, हे त्यातूनच कळते आणि पानिपतची कोंडी समजायला ते पुढे उपयोगी पडते.

पत्रे वाचून दाखवावीत. इतिहासकार राजवाड्यांनी 1898 मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांच्या पहिल्याच खंडात ह्या काळातली पत्रे आहेत. त्यांत तलवारी कमी आणि पैसा, धान्य, यमुना उतरायला नावा ह्यांची रड जास्त. रसद पुरवणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांना किती वेळा तगादा लावला आहे! एका मुलीने ऐकून म्हटले, हे तर बाबांचे ऑफिसचे मेल वाटतात.

3. हाताने काहीतरी करू द्यावे. ही युक्ती माझी नाही. न्यू जर्सीतल्या भाच्याची लेक शाळेत पायोनियर लोकांचा, म्हणजे गाड्यांतून पश्चिमेकडे वसायला गेलेल्यांचा, धडा शिकत होती तेव्हा तिने बरणीत साय हलवून लोणी काढले होते आणि ऑरेगॉनच्या वाटेने गेलेल्या कुटुंबाचे सामान वहीत मांडले होते: पीठ किती, खारवलेले मांस किती. तीन हजारांवर किलोमीटर, चार ते सहा महिने, आणि बहुतेक माणसे गाडीत न बसता गाडीशेजारी चालत गेलेली. मी म्हटले, हे तर आपल्यालाही जमेल.

एका आजींकडचे जाते आणले. ज्वारी घातली, खुंटा धरला. पहिल्यांदा सगळ्यांना हौस. थोड्याच वेळात दंड दुखायला लागले, पीठ जाडेभरडे आणि मूठभर. ओंजळीतून ज्वारी घालताना एकाने जास्त ओतली, तेव्हा जाते अडले आणि मधोमध दाणे तसेच राहिले. सातवीतला मुलगा म्हणाला, ‘चक्कीवाल्याकडे देऊ या ना, पाच मिनिटांचं काम आहे.’ ‘बरोबर,’ मी म्हटले, ‘आता लाखभर तोंडांचा हिशेब कर.’ तो खरोखर वही घेऊन बसला. पानिपतच्या छावणीत रसद तुटली म्हणजे नेमके काय झाले, हे मला वेगळे सांगावे लागले नाही.

4. दुसऱ्याची बाजू आधी आपण सांगावी. हे सर्वांत अवघड, आणि ह्याच्यावरच वर्ग तरतो किंवा बुडतो. दिल्लीच्या शाळेत आपल्या मुलाला कुणीतरी विचारतेच, ‘तुम्हारे वाले तो लूटने आते थे ना?’ तयारी नसेल तर मूल एकतर रडते, नाहीतर भांडते. मी सांगते, हो, चौथाई वसूल करत. हो, भाऊंनी पगार भागवायला दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवले. आणि बंगालमध्ये 1740 च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी एवढी दहशत घातली की तिथल्या आया अजूनही बारगीचे, म्हणजे ह्या स्वारांचे, नाव घेऊन मुलांना निजवतात. वर्गातल्या एका मुलीची मैत्रीण चित्तरंजन पार्कची. तिने घरी जाऊन विचारले तर आजीने अंगाईच म्हणून दाखवली. मराठी मुलगी परत येऊन म्हणाली, ‘आपण त्यांचे बागुलबुवा होतो!’ तिला राग आला नव्हता, गंमत वाटली होती.

अमेरिकेतही हे आता शिकवतात. गाड्या ज्या मोकळ्या माळावरून गेल्या, तो मोकळा नव्हता, आणि 1838 मध्ये चेरोकींना त्यांच्या गावांतून हाकलले तेव्हा हजारो माणसे मेली. भाच्याच्या लेकीला लोणी आणि चेरोकी दोन्ही ठाऊक आहेत. मुलांना दोन्ही पेलते. पेलत नाही ते आईबापांना. ‘चांगलं तेवढंच सांगा’ असा निरोप मला दर वर्षी कुणीतरी पाठवते.

चांगलेही भरपूर आहे, पण ते माणसांच्या रूपात सांगावे. राणेखान घ्या. पानिपतावरून जखमी महादजी शिंद्यांना ज्या पखालवाल्या भिस्त्याने बैलावर घालून वाचवले असे सांगतात, तोच हा. महादजींनी त्याला भाऊ मानले. 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराने मुघल बादशाह शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली सोडवायला गेलेल्या फौजेचे नेतृत्व ह्या राणेखानाकडे होते. मराठा म्हणजे कोण, ह्याचे उत्तर मुले ह्या एका गोष्टीवरून स्वतःच बदलतात.

5. सनावळी चारच. 1737, बाजीराव दिल्लीच्या वेशीवर. 1761, पानिपत. 1772, महादजींनी शाह आलमला तख्तावर आणून बसवले. 1803, पटपडगंजची लढाई आणि दिल्ली इंग्रजांकडे. बाकीचे परीक्षेसाठी शाळा बघून घेते.

6. मुलांना रिजवर सहलीला न्यावे, पण खाऊ नेऊ नये. माकडे हातातून नेतात, आणि मग सहलीत दुसरा विषय उरत नाही. पाण्याची बाटली पुरे. रुग्णालयाच्या आसपासच फिरोजशाह तुघलकाची पीर गायब ही इमारत आहे, आणि जवळच त्याने मेरठहून आणलेला अशोकस्तंभ. तो स्फोटात फुटला होता, 1867 मध्ये तुकडे जोडून पुन्हा उभा केला. सांधे मुलांना बोटाने दाखवा.

थंडीत, एखाद्या रविवारी सकाळी जावे. पुल बंगश मेट्रोपासून रिक्षा मिळते. रुग्णालयाच्या आवारात आवाज मात्र करू देऊ नका. तिथे माणसे बरी व्हायला आलेली असतात, हे मुलांना फाटकापाशीच सांगा.