स्लॅबचाच माल अंगणाला चालेल का?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात घर बांधतोय. स्लॅबचाच माल ट्रॅक्टर येण्या-जाण्याच्या अंगणाला वापरू का?

उत्तर : नको. स्लॅबमध्ये ताण लोखंडी सळई पेलते, म्हणून तिथे किमान एम-२० काँक्रीट (साधारण १:१.५:३) चालते. अंगणात बहुधा सळई नसते. चाकाखाली वाकण्याचा ताण आणि वरची झीज दोन्ही काँक्रीटलाच सोसावी लागतात. म्हणून ट्रॅक्टरसाठी एम-३० घ्या. हे मिश्रण अंदाजे घमेली मोजून करू नका, डिझाइन करून घ्या. स्लॅबच्या सळयांमधून माल उतरायला तो थोडा पातळ लागतो. अंगणाचा माल घट्टच हवा. मिस्त्री पाणी वाढवू लागला तर तिथेच थांबवा, पृष्ठभागाची धूळ त्यामुळेच उडते.

यवतमाळ भागात खरी अडचण काळ्या मातीची. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ओतलेले उत्तम काँक्रीटही तडकते. ती काढून मुरूम भरा, थराथराने पाणी मारून दाबा. दर दहा-बारा फुटांवर सांधा कापा. पीपीसी सिमेंट असेल तर किमान दहा दिवस पाणी मारा. मे महिन्यात ओली पोतीही अंथरा.