धुऱ्यापलीकडचं रॉकेट

राणी, तुझं रॉकेट पॅराशूट न उघडता धुऱ्यापलीकडे पडलं आणि तू ते आणायला गेलीच नाहीस, हे मला आत्याने सांगितलं. तू नाही सांगितलंस. फोनवर नुसतं म्हणालीस, "ताई, उडालं, पण..." त्या 'पण'पाशीच मला कळलं.

आजवर कुणाला न सांगितलेली एक गोष्ट तुला सांगते. नववीत असताना मीही असंच बाटलीचं रॉकेट केलं होतं. आबांच्या वावरात, पऱ्हाट्या उपटून झाल्यावर उडवलं. वर छान गेलं, पण पॅराशूट उघडलंच नाही. ते नाक खाली करून तुराट्यांच्या ढिगामागे आदळलं आणि सोबतची पोरं हसली. मी तिथूनच घरी आले. संध्याकाळी आबा म्हणाले, "काऊन वं, तुह्यं ते यंत्र आनाले नाई गेली?" मी म्हटलं, अभ्यास आहे. दोन दिवसांनी गेले तर तुराट्या घरी नेलेल्या, रॉकेटचा पत्ता नाही. पोरांचं हसणं मी केव्हाच विसरले. पॅराशूट का उघडलं नाही, हे मात्र मला आजही माहीत नाही, आणि ते सलतं.

म्हणून उद्या शाळा सुटली की आधी त्या वावरात जा. ज्यांचं वावर आहे त्या काकांना विचारून जा. रॉकेट दिसलं की लगेच उचलू नकोस. आधी नीट पाहा, मोबाइलवर फोटो काढ. नाकाची टोपी बाटलीवरच आहे की वेगळी पडलीय? टोपी घट्ट बसलेली असेल, तर ती वर निघालीच नाही. निघाली असेल आणि पॅराशूट आत घडीतच असेल, तर प्लॅस्टिक चिकटलं. बाहेर येऊनही दोऱ्यांचा पीळ पडला असेल, तर घडी चुकली. तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या चेपलेल्या बाटलीत आहेत, आणि ती धुऱ्यापलीकडे पडून आहे.

वर पाठवण्यापेक्षा परत आणणं अवघड असतं, हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट 21 नोव्हेंबर 1963 ला उडालं. कक्षेत फिरवलेली कुपी सुखरूप खाली आणायला मात्र इस्रोला 2007 साल उजाडलं. 10 जानेवारीला ती पीएसएलव्ही रॉकेटवरून गेली आणि 22 जानेवारीला पॅराशूटने बंगालच्या उपसागरात उतरली. मधे 43 वर्षं गेली, राणी. माणसाला अवकाशात नेऊ पाहणाऱ्या गगनयानासाठीही 24 ऑगस्ट 2025 ला सुमारे पाच टनांचं नकली यान हेलिकॉप्टरमधून खाली सोडलं, ते केवळ पॅराशूट नीट उघडतात का हे पाहायला. तुझं एक पॅराशूट उघडलं नाही म्हणून तू तोंड लपवायचं काही कारण नाही.

आता कामाचं. तू साडीच्या पिशवीचं पॅराशूट केलंस, ते चांगलं केलंस. प्लॅस्टिक तेवढंच पातळ हवं. पण आपल्याकडच्या उन्हात त्याच्या घड्या पाच मिनिटांत एकमेकींना चिकटतात. घडी घालण्याआधी त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुर आणि तळहाताने हळूच पसरव. मग पोळीसारखं दोनदा दुमड, गुंडाळी सैल ठेव आणि दोऱ्या वरून आवळून बांधू नकोस. मधोमध रुपयाएवढं भोक ठेव, म्हणजे हवा तिथून निघते आणि पॅराशूट झोके घेत नाही. टोपी इतकी सैल हवी की बाटली उलटी धरली तर आपोआप गळून पडावी. माझी चूक बहुधा तिथेच झाली होती. पडू नये म्हणून मी ती चांगली दाबून बसवली होती, असं मला आठवतं.

आणि उडवण्याआधी बाटली तोलून बघ. पाणी न भरता, बाकी सगळं लावून, जिथे ती दोऱ्यावर आडवी तोलते तिथे दोरा बांध आणि डोक्याभोवती गोल फिरव. नाक पुढे राहिलं तर वरही सरळ जाईल. शेपूट पुढे आली तर नाकात थोडी माती भर किंवा पंख मोठे कर.

पॅराशूट उघडलं तर रॉकेट कुठे जाईल, हेही आधी मांडून बघ. पन्नास मीटर वर गेलं आणि सेकंदाला साडेतीन मीटर उतरलं, तर चौदा सेकंद हवेत राहील. वारा सेकंदाला तीन मीटर असेल तर बेचाळीस मीटर वाहून जाईल. म्हणजे धुरा ओलांडणारच. म्हणून सकाळी, वारा पडलेला असताना उडवायचं. दुपारच्या झळांमध्ये नाही. बेलोऱ्याच्या विमानतळाच्या बाजूला तर मुळीच नाही. एप्रिल 2025 पासून तिथे प्रवासी विमानं उतरतात.

तुला 2022 चा गुढीपाडवा आठवतो? संध्याकाळी आपण सगळे गच्चीवर होतो आणि आभाळातून पेटत्या रेघा सरकत गेल्या. अर्धा विदर्भ वर बघत होता. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा तो भाग असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. ज्यांनी ते उडवलं त्यांना लाडबोरी हे नावसुद्धा ठाऊक नसेल. आपलं रॉकेट कुणाच्या अंगणात पडणार, हे उडवणाऱ्याने आधी विचारात घ्यावं, असं मला तेव्हापासून फार वाटतं. दीडशे ग्रॅमची बाटलीसुद्धा पन्नास मीटरवरून नाकावर आली तर डोकं फोडते.

दुसरी गोष्ट, आत्याने सांगितलेली. तुमच्या गटातला एक जण म्हणतोय की पाण्याने मजा येत नाही, फटाक्यांची दारू भरू. त्याला सगळ्यांसमोर 'नाही' म्हण. घरी दारू कुटून भरणं कायद्यातही बसत नाही, आणि त्यात बोटं, डोळे जातात. त्याने नाही ऐकलं तर सरांना सांग. ती चुगली नाही. पाण्यालाही कमी समजू नकोस. बाटली सोडा-कोल्ड्रिंकचीच घे, ओरखडे नसलेली. तिसरा हिस्सा पाणी भर, हवा मोजून भर, डोळ्यांवर चष्मा लाव, आणि पाच-सहा मीटर लांब दोरी ओढूनच सोड. अडकली तर वाकून बघायला जायचं नाही. आधी लांबूनच हवा सोडून द्यायची.

थांबण्यात कमीपणा नसतो. 21 ऑक्टोबर 2023 ला श्रीहरिकोट्याला गगनयानाची चाचणी होती. उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकाने सगळं थांबवलं. सारा देश बघत होता. त्यांनी कारण शोधलं, नीट केलं आणि दहा वाजता उडवलं. नंतर नौदलाने यान समुद्रातून बाहेर काढलं.

आणि तो चार्ट. या वेळी चुकलं म्हणून पुढच्या वेळी तू फक्त चार्ट रंगवायचा, असं गटाने ठरवलं ना? अक्षर चांगलं आहे म्हणून पोरीने चार्ट करायचा आणि पंप पोरांनी मारायचा, हे माझ्याही वेळी होतं. मी गप्प बसले. तू बसू नकोस. भांडू नकोस, पण आणलेलं रॉकेट टेबलावर ठेव आणि पॅराशूट का उघडलं नाही ते दाखव. ज्याला चूक दाखवता येते, त्याच्या हातात पुढची घडी आपसूक येते. तुझ्यासारख्या मुली पुढे गेल्यात. आझादीसॅट हा उपग्रह देशभरातल्या सरकारी शाळांतल्या साडेसातशे मुलींनी मिळून केला होता. ऑगस्ट 2022 मध्ये तो घेऊन गेलेलं रॉकेट नीट कक्षेत पोचलं नाही आणि उपग्रह गेला. फेब्रुवारी 2023 मध्ये आझादीसॅट-2 गेला, आणि तो कक्षेत पोचला. मधे सहा महिने होते. त्या सहा महिन्यांत त्या मुलींना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

मी शनिवारी संध्याकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरते. आत्याला सांग, जेवण साधंच ठेव, आपल्याला पहाटे उठायचंय. पावडरचा डबा, जाड दोरा आणि दोन कोऱ्या बाटल्या मी आणते. ती चेपलेली बाटली तू आण. मातीसकट आण, पुसू नकोस.