आधी कान, मग बटण

सई, तुझी बोट कीलला आणि तू हायडेलबर्गला, म्हणून रेडिओ शिकणं उन्हाळ्यावर ढकलू नकोस. लांब पल्ल्याचा रेडिओ कानाने शिकायचा असतो, आणि त्याला समुद्र लागत नाही.

शॉर्टवेव्हवर ‘यूएसबी’ (अप्पर साइडबँड) ऐकवणारा एक साधा रिसीव्हर घे. घरात चार्जर आणि एलईडी दिव्यांची खरखर असते. बॅटरीवर चालणारा संच आणि आठ-दहा मीटर वायर घेऊन फिलॉसॉफेनवेगला वर जा. हॅम्बुर्गजवळच्या पिनेबर्गहून जर्मन हवामान खातं 3855, 7880 आणि 13882.5 किलोहर्ट्झवर नकाशे फॅक्सने पाठवतं. संच 1.9 किलोहर्ट्झ खाली लाव, म्हणजे 7880 साठी 7878.1. मोबाइलमधलं अ‍ॅप त्या किरकिरीचा नकाशा काढतं. दुपारी बहुधा 7880 चांगलं मिळेल, रात्री 3855. 13882.5 मात्र पुष्कळदा तुझ्या डोक्यावरून पुढे जाऊन स्पेनकडे उतरेल. पिनेबर्ग जवळ असूनही ऐकू येत नाही, हे एकदा स्वतः अनुभवलंस की बिस्केच्या उपसागरात गोंधळणार नाहीस. सूर्य वर तर आकडा वर, रात्र झाली की आकडा खाली. रोज वेळ, फ्रिक्वेन्सी आणि आवाज वहीत लिही. जहाजांची आपसातली बोलणी मात्र ऐकत बसू नकोस, इथल्या कायद्याला ते चालत नाही.

आता डीएससी, म्हणजे डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग. ही नुसती दारावरची घंटा; बोलणं नंतर, वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर. घंटा 8414.5 वर वाजवलीस तर संकटाचं बोलणं 8291 वर. या जोड्या संचाशेजारी मोठ्या अक्षरात चिकटव, कारण घाबरलेल्या माणसाला मेनू सापडत नाही. डीएससीला लागणारा बोटीचा नऊ आकडी नंबर बुंडेसनेट्झआगेंटूर ही जर्मन नियामक संस्था देते. जर्मन बोटीचा बहुधा 211 ने सुरू होतो, भारतीय बोटीचा 419 ने, किनारी केंद्राचा 00 ने. पुष्कळ संचांत तो एकदाच भरता येतो, तेव्हा एकाने वाचायचा, दुसऱ्याने दाबायचा.

दुसऱ्याचा संकटाचा इशारा शॉर्टवेव्हवर आला तर पोच देणारं बटण दाबू नकोस. उत्साही नवशिके इथेच घोळ करतात. पोच देणं किनारी केंद्राचं काम. तू बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन ऐक, आणि कुणीच उत्तर देत नसेल तरच निरोप किनाऱ्याकडे पोचव. डीएससीचं संकटाचं लाल बटण चुकून दाबलं गेलं तर संच बंद करून गप्प बसायचं नाही. ज्या ज्या बँडवर इशारा गेला, तिथे तिथे बोलून रद्द कर. लाजेपायी शोधपथक समुद्रात उतरवणं अक्षम्य आहे.

बॅकस्टेची, म्हणजे डोलकाठीपासून मागच्या टोकाला जाणाऱ्या तारेची, अँटेना केली असेल तर प्रक्षेपण चालू असताना त्या तारेला कुणी हात लावू नये, कातडी भाजते. दीडशे वॉटचा संच बोलताना बॅटरी भराभर पितो, म्हणून लांबचं बोलणं इंजिन चालू असताना. फक्त बॅकस्टेवर विसंबूही नकोस. 21 सप्टेंबर 2018 ला हिंदी महासागरात खलाशी अभिलाष टॉमींच्या, गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ बोटीची डोलकाठी मोडली. काठीबरोबर बॅकस्टेही जातो आणि रेडिओ मुका होतो. म्हणून एक सुटी उभी अँटेना केबिनमध्ये बांधून ठेव. ईपर्ब, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारं बीकन, तर हवंच.

आणि हो, नेकार नदीवर बोट आणलीस तर तिथे डीएससी चालत नाही, बोटीची ओळख आपोआप पाठवणारं एटीआयएस लागतं आणि परवानाही वेगळा. तुझ्याकडचं एसआरसी प्रमाणपत्र फक्त व्हीएचएफपुरतं आहे. लांब पल्ल्यासाठी एलआरसी हवं, त्याचा अर्ज याच महिन्यात भर.