रक्त आणि लसीका : देहांतील दोन प्रवाह

देहांत रक्त असतें हें कोणास सांगावें लागत नाहीं. बोट कापलें कीं तें दिसतें. परंतु तें एके ठिकाणीं साठलेलें नसून अहोरात्र फिरत असतें, ही गोष्ट मनुष्यास कळावयास अनेक शतकें लागलीं. या रक्ताच्या जोडीला दुसरा एक प्रवाह देहांत मंद गतीनें वाहत असतो. त्याचें नांव लसीका. त्याची ओळख सुशिक्षितांनाही फारशी नसते. या दोन प्रवाहांचें ज्ञान केवळ परीक्षेपुरतें उपयोगी आहे असें नाहीं. शेताच्या बांधावर सर्पदंश झाला असतां मनुष्य जगतो कीं दगावतो, हें पुष्कळदां याच ज्ञानावर अवलंबून असतें. म्हणून हा विषय आम्ही विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या मातापितरांपुढेंही मांडीत आहों.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलन नांवाचा प्रख्यात ग्रीक वैद्य होऊन गेला. त्याचें मत असें कीं, अन्नापासून यकृतांत रक्त तयार होतें आणि तें अवयवांकडे जाऊन तेथेंच खर्चीं पडतें. युरोपांत हें मत सुमारें चौदाशें वर्षें प्रमाण मानलें गेलें. इ. स. १६२८ मध्यें विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें आपला ग्रंथ प्रसिद्ध करून तें खोडून काढलें. त्याचें मुख्य हत्यार म्हणजे साधा गुणाकार. तो आजच्या आंकड्यांनीं आपणही करून पाहूं. प्रौढ मनुष्याचें हृदय विश्रांतींत असतां मिनिटास सुमारें ७० ठोके देतें व प्रत्येक ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर रक्त बाहेर लोटतें. म्हणजे मिनिटास जवळजवळ ५ लिटर व तासास सुमारें ३०० लिटर झालें. इतकें रक्त तासाभरांत अन्नापासून नवें निर्माण होणें शक्य आहे काय? मुळीं साऱ्या देहांत रक्त असतें तेंच सुमारें ५ लिटर. तेव्हां तेंच रक्त पुनःपुन्हां हृदयाकडे परत येत असलें पाहिजे, याखेरीज दुसरा निष्कर्ष निघत नाहीं.

तें कोणत्या वाटेनें परत येतें हें हार्वेनें हातावरील शिरांवरून दाखविलें. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग घरीं वडील मंडळींच्या परवानगीनें करून पाहावा. ज्यांच्या हातावरील शिरा ठळक दिसतात त्यांनीं हात खालीं सोडावा. मनगटाजवळ एका शिरेवर एक बोट दाबून धरावें व दुसऱ्या बोटानें तींतील रक्त कोपराच्या दिशेनें सारीत न्यावें. मग हें दुसरें बोट उचललें तरी वरचें रक्त एका ठराविक जागेच्या खालीं उतरत नाहीं व दाबलेल्या बोटापर्यंतचा भाग रिकामा राहतो. पहिलें बोट उचलतांच मात्र शीर खालून भरून येते. कारण शिरांत झडपा असतात आणि त्या रक्तास हृदयाकडेच जाऊं देतात, उलट फिरूं देत नाहींत.

तथापि एक दुवा हार्वेस दिसला नाहीं. हृदयापासून रक्त नेणाऱ्या रोहिणी आणि परत आणणाऱ्या नीला यांची गांठ कोठें पडते? हार्वे १६५७ सालीं वारला. त्यानंतर चार वर्षांनीं, म्हणजे १६६१ सालीं, इटलींतील मार्चेल्लो माल्पिगी यानें सूक्ष्मदर्शकांतून बेडकाचें फुप्फुस पाहिलें व त्यांत केंसाहून बारीक अशा नलिका त्यास आढळल्या. त्याच केशवाहिनी. प्राणवायु व अन्नरस देणें आणि टाकाऊ द्रव्यें घेणें हा साऱ्या देहाचा व्यवहार त्यांच्या पातळ भिंतींतून चालतो.

आतां इतर प्राण्यांकडे वळूं. झुरळाचें रक्त रंगहीन असतें. तें बंद नळ्यांतून न फिरतां इंद्रियांभोंवतीं मोकळें खेळतें, कारण झुरळास प्राणवायु निराळ्या श्वासनलिकांतून थेट मिळतो. माशाच्या हृदयास दोन कप्पे असतात. त्यांतील रक्त कल्ल्यांकडे जाऊन तेथून परभारें सर्व देहांत पसरतें. बेडकाच्या हृदयास तीन कप्पे असल्यामुळें शुद्ध व अशुद्ध रक्त कांहीं अंशीं एकमेकांत मिसळतें. सापाच्या हृदयाचेंही कप्पे तीनच. पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या हृदयांत मात्र चार कप्पे असून दोन्ही रक्तें पूर्णपणें वेगळीं राहतात. उष्ण रक्ताच्या प्राण्यास देहाची ऊब सतत राखावी लागते व त्यासाठीं प्राणवायूचा पुरवठाही भरपूर लागतो. तो या रचनेमुळें होतो.

केशवाहिनींच्या भिंतींतून रक्तांतील पातळ द्रव सतत बाहेर पाझरतो व पेशींस न्हाऊं घालतो. त्यांतील बराचसा भाग रक्तांत परत शिरतो; परंतु रोज कांहीं लिटर द्रव मागें उरतो. तो तसाच सांचत राहिला तर सारें अंग सुजेल. हा उरलेला द्रव गोळा करून नेणाऱ्या सूक्ष्म नलिका म्हणजे लसीकावाहिनी, व त्यांतील द्रव ती लसीका. तींत तांबड्या पेशी नसल्यामुळें ती फिकट दिसते. आंतड्यांपासून येणारी लसीका जेवणानंतर स्निग्ध पदार्थांमुळें दुधासारखी पांढरी होते. अशाच पांढऱ्या वाहिनी इटलींतील गास्पारो आसेल्ली यास १६२२ सालीं नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या देहांत आढळल्या होत्या. वाटेंत जागजागीं लसीकाग्रंथि असतात व तेथें पांढऱ्या पेशी रोगजंतूंस अडवितात. पायास जखम होऊन ती चिघळली म्हणजे जांघेंत अवधाण येतें, तें याच कारणानें. शेवटीं सर्व लसीका मानेच्या तळाशीं मोठ्या नीलांत जाऊन मिळते.

येथें एक भेद नीट ध्यानांत ठेवावा. रक्तास हृदयाचा जोर मिळतो. बेडकास तर लसीकेसाठींही लहान लहान स्वतंत्र हृदयें असतात. मनुष्याच्या लसीकेस असें हृदय नाहीं. तिच्या वाहिनी स्वतः थोड्याफार आकुंचन पावतात. परंतु हातापायांत तिला मोठा जोर मिळतो तो स्नायूंच्या हालचालींचा. आपण चाललों कीं ती वेगानें वाहते, स्वस्थ पडलों कीं मंदावते.

आतां सर्पदंशाचें पाहूं. भारतांत इ. स. २००० ते २०१९ या काळांत सर्पदंशानें दरवर्षीं सरासरी सुमारें ५८,००० माणसें दगावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला आहे. त्यांत खेड्यांतील लोकच फार. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चार सापांपासून मुख्यतः भय असतें. त्यांच्या विषाचे पुष्कळसे घटक मोठ्या रेणूंचे असल्यामुळें ते केशवाहिनींत सहज शिरूं शकत नाहींत. ते लसीकेच्या वाटेनें रक्तास मिळतात. यावरून पहिला नियम आपोआप निघतो. ज्यास दंश झाला त्यानें धावूं नये, चालूंही नये. त्यास धीर द्यावा, आडवें निजवावें, व मोडलेल्या हाडास जशी फळी बांधतात तशी दंशाच्या हातापायास सैलसर बांधून तो अवयव निश्चळ ठेवावा. अंगठ्या, कडीं, पैंजण ताबडतोब काढावे, कारण सूज चढते. मग त्यास उचलून वाहनानें रुग्णालयांत न्यावें; १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

कोणी विचारील, लसीकाच थांबवावयाची तर दोरी करकचून कां बांधूं नये? तशी दोरी लसीकेबरोबर रोहिणीही बंद करते. अवयवास प्राणवायु मिळत नाहीं, व तेथेंच कोंडलेलें विष मांस कुजवितें. पुढें दोरी सोडतांच सांठलेलें विष एकदम देहांत शिरतें. दंशाची जागा कापणेंही तितकेंच घातक, कारण घोणस व फुरसें यांचें विष रक्त गोठविणारीं द्रव्यें संपवून टाकतें. अशा रोग्यास झालेली जखम वाहतच राहते. रुग्णालयांत याची परीक्षा सोपी असते. कोरड्या, स्वच्छ कांचनळींत थोडें रक्त घेऊन तें २० मिनिटें न हलवितां ठेवतात व मग नळी कलती करतात. रक्त पातळच राहिलें असेल तर विषानें आपलें काम चालविलें आहे असें समजतात.

यावर खरा उपाय एकच, तो प्रतिविष. आणि तोही रक्तांतूनच मिळतो. घोड्यास विषाच्या अतिशय लहान मात्रा हळूहळू वाढवीत टोंचल्या म्हणजे त्याच्या रक्तांत विष निष्फळ करणारी द्रव्यें निर्माण होतात. तीं रक्तद्रवांतून वेगळीं काढून शुद्ध करतात व रोग्याच्या शिरेवाटे देतात. कधीं कधीं प्रतिविषाचीच उलट प्रतिक्रिया उमटते. म्हणून तें वैद्यांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचें असतें. १८९९ सालीं प्लेगच्या संशोधनासाठीं मुंबईस परळ येथें स्थापन झालेल्या प्रयोगशाळेस पुढें हाफकिन यांचें नांव मिळालें. त्या नांवाचा प्रतिविषाच्या निर्मितीशीं दीर्घ संबंध आहे. मंत्र घालण्यांत व पाला चोळण्यांत गेलेली घटका मात्र कोणतेंही प्रतिविष परत आणूं शकत नाहीं. प्रतिविष रक्तांतील विषास निष्फळ करतें. परंतु त्याआधीं झालेली हानि भरून काढणें त्यास कठिण जातें.

विद्यार्थ्यांनो, हृदयाचे कप्पे व झडपांचीं नांवें तुम्ही पाठ करालच. परंतु घरीं गेल्यावर एवढें तरी आपल्या आईवडिलांस, आजीआजोबांस व शेजाऱ्यांस समजावून सांगा कीं, सर्पदंश झालेल्या माणसास पळवावयाचें नसतें, त्यास दोरी आवळावयाची नसते आणि त्याची जखम चिरावयाची नसते. त्यास निश्चळ ठेवून लवकरांत लवकर रुग्णालयांत पोंचवावयाचें असतें. आणि त्यांनीं कारण विचारलें, तर लसीकेस स्वतःचें हृदय नाहीं, येथून आरंभ करा.