बिनतारी गेम कंट्रोलर आणि संगणक : तुटलेल्या जोडणीचा शोध

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम मराठी वाचकाला सर्वस्वी परके नाही. तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरील या नगरात भोसले राजवटीच्या काळापासून मराठी कुटुंबे नांदली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली येथेच, एका तंजावरी मराठी कुटुंबात झाला. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण ज्या घरात गेले, ते सारंगपाणी मंदिराच्या रस्त्यावरील घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. ते पाहिले की या गावच्या जुन्या घरांची ठेवण ध्यानात येते. रस्त्याकडे अरुंद दर्शनी भाग, बाहेर बसावयाचा ओटा (तमिळ लोक त्याला तिण्णै म्हणतात), आत एकापुढे एक खोल्या आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरे अगदी खेटून.

आता समजा, अशाच एखाद्या घराच्या आतल्या खोलीत सुटीसाठी आलेला नातू संगणकासमोर बसला आहे. हातातील बिनतारी गेम कंट्रोलरचा दिवा लुकलुकतो, संगणक क्षणभर त्याला ओळखतो आणि पुन्हा विसरतो. नातू म्हणतो, "आजोबा, हा बिघडला, नवाच घ्यावा लागेल." नव्या कंट्रोलरची किंमत काही हजार रुपये. ती खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे पाहणे शहाणपणाचे आहे, कारण अशा तक्रारींपैकी पुष्कळशा तक्रारींत कंट्रोलर निर्दोष असतो.

पहिला प्रश्न असा की, हा कंट्रोलर संगणकाशी कोणत्या पद्धतीने बोलतो? सगळी बिनतारी साधने ब्लूटूथच वापरतात, हा समज चुकीचा आहे. काही कंट्रोलर स्वतःच्या छोट्या ग्राहकाबरोबर, म्हणजे यूएसबी खाचेत बसणाऱ्या रिसीव्हरबरोबर येतात. तो हरवला की त्यांतील कित्येकांची बिनतारी जोडणी संपलीच. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनसोबत २०१३ साली आलेल्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नव्हतेच. ते २०१६ च्या नमुन्यात आले. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे, म्हणून जुना वापरलेला कंट्रोलर विकत घेणाऱ्याची फसगत होते. ओळखण्याची खूण सोपी आहे. मधल्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचे प्लास्टिक कंट्रोलरच्या दर्शनी भागाशी एकसंध असेल तर ब्लूटूथ आहे. ते वरच्या कडेच्या बटणांच्या पट्टीशी एकसंध असेल तर नाही. ज्यात ब्लूटूथच नाही, तो संगणकाच्या ब्लूटूथ यादीत कितीही शोधला तरी सापडणार नाही. तेथे त्या कंपनीचा स्वतंत्र रिसीव्हर किंवा साधी तार हाच मार्ग.

ब्लूटूथ असेल तर पुढचा विचार जोडी जुळविण्याचा, ज्याला पेअरिंग म्हणतात. या वेळी दोन्ही साधने मिळून एक गुप्त किल्ली ठरवितात आणि ती दोघेही आपापल्याजवळ जपून ठेवतात. बँकेच्या लॉकरची एक किल्ली ग्राहकाकडे व दुसरी बँकेकडे असते आणि दोन्ही लागल्याखेरीज लॉकर उघडत नाही, तसाच काहीसा हा प्रकार. संगणकाची कार्यप्रणाली नव्याने बसविली की त्याच्याकडील किल्ली नाहीशी होते. कंट्रोलर दुसऱ्या संगणकाशी, भ्रमणध्वनीशी किंवा खेळयंत्राशी जोडला की बहुतेक नमुन्यांत त्याच्याकडील जुनी किल्ली पुसली जाते. मग दोघेही एकमेकांना ओळखल्यासारखे करतात, पण जोडणी टिकत नाही. येथे पुन्हा पुन्हा बटण दाबून उपयोग नसतो. संगणकाच्या ब्लूटूथ यादीतून त्या कंट्रोलरचे नाव काढून टाकावे, संगणक एकदा बंद करून चालू करावा आणि जोडी नव्याने जुळवावी.

त्यासाठी एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर वरच्या कडेचे छोटे बटण सुमारे तीन सेकंद दाबून धरावे लागते. सोनीच्या ड्युअलशॉक ४ वर शेअर व पीएस ही दोन बटणे एकत्र आणि ड्युअलसेन्सवर क्रिएट व पीएस ही बटणे एकत्र दाबून धरावी लागतात. दिवा जलद लुकलुकू लागला म्हणजे साधन जोडी शोधत आहे. सोनीच्या या दोन्ही कंट्रोलरच्या पाठीवर सुईएवढे एक छिद्र असते. त्यात टाचणी घालून काही सेकंद दाबले की सर्व जुन्या ओळखी पुसल्या जातात. शेजारच्या खोलीत जुने खेळयंत्र चालू असेल तर ते आधी बंद करावे. कंट्रोलर जागा झाला की जुन्या मालकाकडेच धाव घेतो.

जोडी जुळते, पण खेळताना तुटते, ही तक्रार निराळी आहे आणि तिचे मूळ बहुधा हवेत असते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. भारत सरकारने २००५ च्या जानेवारीत हा पट्टा कमी शक्तीच्या साधनांसाठी परवानामुक्त केला, त्यामुळे घरोघरी वायफाय आले. पण परवाना नाही तेथे गर्दी अटळ. वायफाय राउटर, ब्लूटूथ, बिनतारी माउस, इतकेच काय मायक्रोवेव्ह भट्टीसुद्धा याच परिसरातील लहरी वापरते. भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या ओळीत शेजाऱ्यांचे राउटरही त्यात भर घालतात.

या गर्दीतून वाट काढण्याची ब्लूटूथची युक्ती रोचक आहे. मूळच्या ब्लूटूथने या पट्ट्याचे ७९ भाग पाडले असून संदेश सेकंदाला १६०० वेळा एका भागातून दुसऱ्यात उडी घेतो. उड्यांचा क्रम बाहेरच्याला विस्कळीत भासतो, पण दोन्ही साधनांना तो आधीपासून ठाऊक असतो. २००३ साली आलेल्या १.२ आवृत्तीपासून गजबजलेले भाग वगळण्याची सोयही झाली. (७९ ही मूळसंख्या आहे, रामानुजनांच्या गावी हा योगायोग नमूद करावयास हरकत नसावी.) मात्र सर्वच भाग गजबजले तर ही युक्तीही तोकडी पडते. अशा वेळी संगणकाचे वायफाय राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर न्यावे, किंवा संगणकाला इंटरनेट तारेने द्यावे. हा उपाय बिनखर्ची आहे आणि बऱ्याचदा पुरेसा ठरतो.

दुसरे कारण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. ब्लूटूथचा छोटा यूएसबी तुकडा पुष्कळ जण संगणकाच्या पाठीमागील निळ्या खाचेत बसवितात. ही खाच बहुधा यूएसबी ३ ची असते. तिच्यातून वेगाने माहिती वाहू लागली की २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विद्युत्‌ गोंगाट निर्माण होतो, हे इंटेल कंपनीने २०१२ सालच्या एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले आहे. त्याच खाचेशेजारी बाह्य हार्ड डिस्क जोडली की कंट्रोलर अडखळू लागतो आणि काढली की सुधारतो, असा अनुभव आल्यास निदान झालेच. एक मीटरभर लांबीची यूएसबी जोडतार घेऊन तो तुकडा मेजावर, कंट्रोलरच्या नजरेसमोर आणावा. संगणकाची धातूची पेटी आड आली की लहरी अडतात, तोही दोष याने दूर होतो. पोलादी कपाटाआड किंवा पितळी भांड्यांच्या फडताळामागे ठेवलेल्या संगणकाचीही हीच कथा. या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि धातू त्यांना परतवून लावतो.

संगणक सुट्या भागांतून जुळविलेला असेल तर त्याच्या पाठीशी वायफायचे अँटेना बसविले आहेत की नाही, हे अवश्य पाहावे. पुष्कळ संगणकांत वायफाय व ब्लूटूथ एकाच अँटेनावर चालतात. घरात इंटरनेट तारेने येते म्हणून अँटेना खोक्यातच राहिलेले असतात आणि ब्लूटूथ दोन हातांपलीकडे पोहोचत नाही.

घटांची, म्हणजे बॅटरीची, तपासणी सर्वांत सोपी. कंट्रोलर थरथरतो त्या क्षणीच जोडणी तुटत असेल, तर घट उतरले आहेत असे समजावे. विंडोजमधील वीजबचतीची सोयही कधी कधी ब्लूटूथ झोपविते; डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या साधनाच्या वीज व्यवस्थापनात जाऊन ती अनुमती काढून घ्यावी.

कधी जोडणी पक्की दिसते, तरी खेळ दाद देत नाही. अशा वेळी विंडोजच्या रन चौकटीत जे-ओ-वाय, पूर्णविराम, सी-पी-एल अशी अक्षरे दिली की गेम कंट्रोलरची चौकट उघडते. तेथे बटणे दाबल्यावर चिन्हे उजळत असतील तर जोडणी निर्दोष आहे. विंडोजवरील बहुतेक खेळ एक्स-इनपुट नावाची भाषा अपेक्षितात, तर सोनीचे कंट्रोलर ती मूळात बोलत नाहीत. स्टीमसारखी खेळांची दालने मध्ये दुभाष्याचे काम करतात. त्यांच्या मांडणीत ती सोय चालू करावी लागते.

खरा धोका यापुढे आहे, आणि तो खेळाचा नाही. वैतागलेला माणूस इंटरनेटवर कंपनीचा मदत क्रमांक शोधतो. शोधात वर आलेला क्रमांक खरा असेलच असे नाही. पलीकडचा गोड बोलणारा मनुष्य संगणक किंवा भ्रमणध्वनी दुरून पाहण्याचे ॲप घ्यावयास सांगतो, नऊ आकडी संकेत विचारतो आणि 'नोंदणीसाठी' दहा रुपये भरावयास लावतो. त्या दहा रुपयांच्या व्यवहारात पडद्यावर उमटलेले सर्व काही तो पाहत असतो. अशाच एका दूरनियंत्रक ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. संगणकावर आजोबांच्या निवृत्तिवेतन खात्याची नेटबँकिंग उघडलेली असेल तर कंट्रोलरच्या दुरुस्तीपायी काय गमवावे लागेल, याची कल्पना करता येईल. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाने स्वतः गोपनीय तपशील दिल्याने झालेले नुकसान बँकेला कळविण्याच्या क्षणापर्यंत त्याचे त्यानेच सोसावयाचे. म्हणून वेळेला मोल आहे. असे काही घडल्यास संगणकाचे इंटरनेट तत्काळ तोडावे, बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ड्रायव्हर म्हणून अनोळखी संकेतस्थळावरून काही उतरवून घेण्याचेही कारण नाही. वर उल्लेखिलेल्या कंट्रोलरसाठी लागणारी मूळ सामग्री विंडोजमध्येच असते किंवा तिच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून येते, आणि मदत क्रमांक खोक्यावरील किंवा माहितीपुस्तिकेतील तेवढाच खरा मानावा.

एवढे करूनही जोडणी होत नसेल, तर कंट्रोलर दुसऱ्या एखाद्या संगणकाशी किंवा भ्रमणध्वनीशी जोडून पाहावा. तेथे तो चालला तर दोष घरच्या संगणकात. तेथेही चालला नाही तर कंट्रोलरमध्ये. तारेने जोडून पाहताना ती तार केवळ भारणाची नसून माहितीही वाहून नेणारी आहे याची खात्री करावी. स्वस्त तारांत माहितीचे धागे नसतातच. तारेने नीट चालणारा कंट्रोलर टाकून देण्याची गरज नाही, आणि हमीची मुदत शिल्लक असेल तर बिलासह तो विक्रेत्याकडे न्यावा.