विंडोज 10 नंतर घरचा डेस्कटॉप : काय टाकावं?

संगणक शाखेला प्रवेश मिळाला की गावाकडे आपण लगेच 'कॉम्प्युटर दुरुस्त करणारा' होतो. सुट्टीत घरी बॅग टेकवायचा अवकाश, कोणीतरी म्हणतंच, "तू कॉम्प्युटरला आहेस ना? मग बघ बरं हे काय म्हणतंय." सध्या मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "विंडोज 10 बंद झालं म्हणे, आता डबा भंगारात काढायचा का?" होस्टेलवर विंडोज की लिनक्स यावर आपण रात्री दोन-दोनपर्यंत भांडतो, पण घरच्यांची गरज आपल्यासारखी नसते. म्हणून हा लेख.

आधी वस्तुस्थिती. विंडोज 10 चा आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपवला. घरगुती मशीनसाठी सुरक्षा-अपडेटची एक वाढीव योजना काढली, तिची मुदत 13 ऑक्टोबर 2026. अपडेट थांबली म्हणून मशीन बंद पडत नाही, पण नव्याने सापडलेली भोकं उघडीच राहतात. ज्या डेस्कटॉपवरून बाबा बँकेचे व्यवहार करतात, त्यावर ही जोखीम मला मान्य नाही.

मग विंडोज 11 टाका! इथेच घोडं अडतं. 2021 साली आलेल्या या विंडोजला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे 2017 च्या आधीचे बहुतेक डेस्कटॉप बाद. अट चुकवून इन्स्टॉल करता येतं, दुकानवाले करूनही देतात, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि 'अ‍ॅक्टिव्हेटर' वापरून फुकटात चालू केलेल्या विंडोजबद्दल तर बोलायलाच नको. अँटीव्हायरस बंद करून जी फाइल चालवावी लागते, ती आत काय करते हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मॅकबद्दल दोन ओळी पुरे. जुन्या डब्यावर तो रीतसर चालत नाही, त्यासाठी अ‍ॅपलचंच मशीन घ्यावं लागतं. सेकंडहँड इंटेल मॅक स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका. 2025 चं मॅकओएस 26 हे इंटेलवर चालणारं शेवटचं.

राहिलं लिनक्स. घरासाठी मी लिनक्स मिंट सुचवतो. खाली डावीकडे मेनू, डेस्कटॉपवर फोल्डर. आईला विंडोजपेक्षा फार वेगळं वाटत नाही. मिंट 22 ला एप्रिल 2029 पर्यंत अपडेट आहेत आणि 4 जीबी रॅमवर ते नीट चालतं. सी-डॅकचं बॉस लिनक्सही आहे, डेबियनवर आधारलेलं, भारतीय भाषांचा विचार करून बनवलेलं. (मशीन रडतखडत चालत असेल तर आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. निम्मी तक्रार तिथेच मिटते, ओएस कुठलीही असो.)

पण खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे जुन्या मराठी फाइली. घरात कोणी शिक्षक, पत्रकार किंवा पतसंस्थेत असेल तर वर्षानुवर्षांचा मजकूर श्री-लिपी नाहीतर कृतिदेवमध्ये पडलेला असतो. या पद्धतीत फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. असतात ती इंग्रजी अक्षरांची चिन्हं, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. फॉन्ट गेला की उरतो नुसता काला. युनिकोडमध्ये 'क' चा क्रमांक हेक्समध्ये 0915, तो विंडोजवर, लिनक्सवर, मोबाइलवर सगळीकडे तोच. तेव्हा ओएस बदलण्याआधी, जुनं विंडोज चालू असतानाच, या फाइली युनिकोडमध्ये करून घ्या. नंतर 'दऱ्या' चा 'दर्या' झालाय का तेवढं तपासा, कारण रूपांतरात असले शब्द हमखास मार खातात. टायपिंगची मात्र चिंता नको. इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे सारखाच. के दाबलं की 'क', शिफ्ट धरून जे दाबलं की 'ऱ'.

लिनक्स कुठे टाकू नये? घरी टॅली चालत असेल तर तिथे विंडोजच ठेवा. धाकट्या बहिणीचं एमएस-सीआयटी चालू असेल तरी विंडोज आणि एमएस ऑफिस समोर असलेलं बरं. उलट आपल्याच छत्रपती संभाजीनगरात, विद्यापीठाच्या परिसरात केंद्र असलेल्या नायलिटच्या सीसीसी अभ्यासक्रमात लिबरऑफिस शिकवतात, त्या पोरांना मिंट सोयीचं. प्रिंटरचं मॉडेलही आधी पाहून घ्या. एचपीचे बहुतेक चालतात, पण कॅननच्या एलबीपी 2900 ला लिनक्सवर बरीच खटपट करावी लागते.

आणि कोणाचंही मशीन एकदम फॉरमॅट करू नका. 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घेऊन त्यावरूनच मशीन सुरू करा; हार्ड डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग, बँकेची साइट एवढं घरच्यांकडूनच करवून घ्या, आपण बाजूला खुर्ची टाकून बसायचं. काकांनी तासाभरात तीनदा "अरे, ते जुनं कुठं गेलं?" असं विचारलं तर पेनड्राइव्ह काढा, मशीन रीस्टार्ट करा. त्यांचं विंडोज होतं तसं परत येतं. मग नवीन मशीनचे पैसे जमेपर्यंत बँकेचं काम मोबाइलवर न्या आणि फोटो-कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर करून ठेवा.